ग्लूटेनमुक्त बेकरीच्या गाळ्यात गव्हाचा पाव भाजावा का?

नाचणी_पार्लेकर

नमस्कार मंडळी. विषय थोडा लांब आहे, पण आठ दिवस झोप नाही म्हणून लिहितेच.

माझी मुलगी पाच वर्षांची असताना तिची उंची वाढायचीच थांबली. लोहाची औषधं वर्षभर दिली तरी हिमोग्लोबिन नऊच्या पुढे जाईना. पोट फुगलेलं, हातपाय काड्या. शेवटी रक्ताची टीटीजी तपासणी झाली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि सीलिअ‍ॅक निघाला. म्हणजे गहू, बार्ली यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे आतडं बिघडवणारा आजार. त्या दिवसापासून आमच्या घरातून गहू, रवा, मैदा, शेवया सगळं गेलं. लाकडी पोळपाट-लाटणं आणि जुनी चाळणीसुद्धा दिली, कारण चाळणीच्या जाळीतलं पीठ कितीही धुतलं तरी निघाल्याची खात्री देता येत नाही.

पोरीला शाळेच्या डब्यात सँडविच हवं होतं, म्हणून पाव करायला शिकले. सात महिने नुसत्या विटा केल्या. २०१९ साली एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची, नोंदणी काढली (तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधी नोंदणी पुरायची) आणि विलेपार्ले पूर्वेच्या आमच्या स्वयंपाकघरातून विकायला लागले. आज आठवड्याला सरासरी ४० पाव जातात, शिवाय नानकटाई आणि वाढदिवसाचे केक. ओव्हन एकच, तोही घरगुती. सोसायटीत कुरकुर सुरू झाली आहे.

आता गोरेगावात १८० चौरस फुटांचा गाळा मिळतोय, भाडं ३८ हजार. एक ओळखीचे गृहस्थ भागीदारीला तयार आहेत. त्यांची एकच अट आहे: सकाळी गव्हाचे पाव, खारी, बटर भाजायचे आणि दुपारनंतर माझं ग्लूटेनमुक्त. "मधे सगळं पुसून घेऊ की," असं म्हणतात. ते माणूस म्हणून सरळ आहेत, मला फसवत नाहीत. पण माझं मन घेत नाही. मी उगाच ताणतेय का? ज्यांनी असं केलंय किंवा जे अशा बेकरीतलं खातात, त्यांनी सांगा.

डोंबिवली_फास्ट_नाही

नको. एका शब्दात उत्तर.

ताळेबंद

मी सीए आहे, म्हणून भावनेला बाजूला ठेवून आकडे मांडतो. ताई, रागावू नका.

एका पावामागे सामान, पाकीट, डिलिव्हरी वजा जाता हातात काय राहतं ते तुम्ही लिहिलं नाही. १३० रुपये धरतो. गाळ्याचं भाडं ३८, वीज १२, मदतनीस १५, म्हणजे महिन्याला ६५ हजार. ते नुसतं भागवायला महिन्याला ५०० पाव विकले पाहिजेत. तुम्ही विकता १६०. मधली दरी गव्हाच्या मालाने भरून निघते, भागीदाराचा मुद्दा तोच आहे आणि तो चुकीचा नाही. बंद पडलेली शुद्ध बेकरी कुणाच्याच कामाची नाही. ती बंद पडली तर तुमच्या १६० पावांची गिऱ्हाइकं कुठे जातील?

नाचणी_पार्लेकर

@ताळेबंद, १३० चा अंदाज अगदी जवळचा आहे, १२५ ते १३५ पडतात. रागावले नाही. शेवटचा प्रश्न मात्र मनाला लागला, कारण तोच मला रात्री पडतो.

भट्टीवरचा

मी भायखळ्याला पावाच्या बेकरीत अकरा वर्षं काढली. पीठ मळण्यापासून भट्टीतून फळी ओढण्यापर्यंत सगळं केलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाहेरच्याला वाटतं मैदा परातीत असतो. मैदा हवेत असतो, ताई. पोतं फोडलं की ढग उठतो, मिक्सर सुरू केला की दुसरा ढग, लादीवर भुरभुरला की तिसरा. पहाटे तीनला काम सुरू व्हायचं आणि दुपारी घरी गेलो की पापण्या पांढऱ्या असायच्या. पंख्याच्या पात्यांवर, ट्यूबलाइटच्या पट्टीवर, दाराच्या वरच्या चौकटीवर बोट फिरवा, बोट पांढरं. तुम्ही दुपारी ओटा पुसून घ्याल, ठीक. पंखा लावलात की वरचं सगळं खाली तुमच्या ज्वारीच्या पिठात. आणि १८० फुटांत पंखा न लावता ओव्हनपुढे मे महिन्यात उभं राहून दाखवा.

पत्र्याचे साचे घासून निघतील. लाकडी फळ्या, ब्रश, कापडं, ओव्हनच्या आतला पंखा कसा घासणार? माझ्या जुन्या मालकांचं काम एकदम चोख होतं, स्वच्छतेत कधी हयगय नाही. तरी त्यांच्याकडून मी ग्लूटेनमुक्त पाव घेतला नसता. त्यात त्यांचा दोष नाही, मैद्याचा स्वभावच तसा.

ताळेबंद

@भट्टीवरचा, हे मला खरंच माहीत नव्हतं. पण प्रमाण काय? हवेतून पडून पडून किती पडणार?

विदा_आणि_वरण

हिशेब करून बघू. एफएसएसएआयच्या नियमात ग्लूटेनमुक्त म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन नको. कोडेक्स या जागतिक अन्न-मानकांची मर्यादाही तीच. मैद्यात ग्लूटेन ढोबळमानाने ८ टक्के धरा. म्हणजे पाव ग्रॅम मैद्यात २० मिलिग्रॅम. एक किलो मालात पाव ग्रॅम मैदा पडला की मर्यादा गाठली. पाव ग्रॅम म्हणजे चिमटीत पकडाल त्याहूनही कमी.

खवय्या_खारकर

पाव ग्रॅमने पाव बाद. मराठीने आधीच इशारा देऊन ठेवला होता.

विदा_आणि_वरण

हा हा, हे सुचायला हवं होतं मला.

रोखठोक_रावसाहेब

मला हे सगळं थोतांड वाटतं, स्पष्ट बोलतो. माझे आजोबा ९१ वर्षं रोज चार पोळ्या खाऊन जगले. दहा वर्षांपूर्वी ग्लूटेन हा शब्द कुणाला माहीत नव्हता. आता जो तो वजन कमी करायला गहू सोडतो आणि तीनशे रुपयांचा पाव घेतो. श्रीमंतांची चैन आहे ही. कुठेही भाजा, कुणाला काही होत नाही.

सारंगची_आई

रावसाहेब, तुमच्या आजोबांना दीर्घायुष्य मिळालं, आनंद आहे. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. मागच्या दिवाळीत एका कॅफेत 'ग्लूटेनमुक्त' अशी पाटी लावलेली ब्राउनी त्याला दिली. मी तीनदा विचारलं होतं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "हो मॅडम, बदामाच्या पिठाची आहे." रात्री दोन वाजल्यापासून उलट्या. चार दिवस शाळा बुडली, तीन आठवडे पोट दुखत होतं. नंतर जाऊन विचारलं तेव्हा कळलं की पीठ बदामाचंच होतं, पण साच्याला तूप लावून वर मैदा भुरभुरतात, चिकटू नये म्हणून. त्या मुलाने खोटं सांगितलं नव्हतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या दिवसापासून सारंग बाहेरचं काही पुढे केलं की माझ्याकडे बघतो आणि मान हलवतो. नऊ वर्षांचं पोर. नाचणीताई, तुमच्यासारख्यांकडे आम्ही पैसे देतो ते पावाचे नसतात. एक गोष्ट न विचारता तोंडात घालता यावी, त्याचे असतात. सकाळी गहू भाजलात तर पाव तोच राहील, पण मला पुन्हा तीनदा विचारावं लागेल.

नाचणी_पार्लेकर

सारंगची आई, हे वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. माझी लेक पण अशीच मान हलवते.

पोटाचा_डॉक्टर

पोटविकारतज्ज्ञ आहे, म्हणून रावसाहेबांच्या प्रतिसादाला उत्तर देतो. त्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. ज्यांना आजार नाही त्यांनी फॅशन म्हणून गहू सोडण्यात काही फायदा नाही, आणि त्यात एक तोटा होतो: आधी गहू सोडून मग तपासणीला आलात तर रक्ताची तपासणी आणि बायॉप्सी दोन्ही फसव्या येऊ शकतात. शंका असेल तर गहू खात असतानाच तपासा, ही कळकळीची विनंती.

पण सीलिअ‍ॅक ही चैन नाही आणि नवीनही नाही. नेदरलँड्समध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे युद्धामुळे भीषण दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. सगळी मुलं खंगत असताना त्यांच्या वॉर्डातली सीलिअ‍ॅकची मुलं त्या मानाने सुधारत गेली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९५० च्या प्रबंधात त्यांनी तो नीट मांडला. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर चालून जाते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, ते झिजून सपाट होतात, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. उत्तर भारतातल्या पाहणीत प्रमाण शंभरात एकाच्या आसपास निघालं आहे. बहुतेकांना ते माहीतही नसतं.

धाग्याच्या प्रश्नाबद्दल: २००७ च्या एका अभ्यासात रुग्णांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिलं, तेवढ्यानेही आतड्यात फरक दिसला. वर केलेल्या हिशेबाने ते अर्ध्या ग्रॅमच्या जरासं वर मैदा होतं. काही रुग्णांना उलट्या होतात, काहींना काहीच जाणवत नाही आणि आतडं आत झिजत राहतं. दुसरा प्रकार मला जास्त घाबरवतो, कारण तुमचं गिऱ्हाईक तक्रार करायला येणारच नाही.

रोखठोक_रावसाहेब

डॉक्टर, वाचलं. सारंगच्या आईंनाही नमस्कार. मी फॅशनवाल्यांबद्दल बोलत होतो, मुलांबद्दल नाही, पण वाक्य तसं लिहिलं नव्हतं. "कुणाला काही होत नाही" हे मागे घेतो. आमच्या बहिणीचा अशक्तपणा वर्षानुवर्षं जात नाही, तिला ही तपासणी करायला सांगतो.

पोटाचा_डॉक्टर

जरूर सांगा. अशक्तपणाची कारणं बरीच असतात, पण लोह देऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल तर ही तपासणी करून घ्यावी.

गिरगावची_काकू

मी ७४ वर्षांची. ग्लूटेन मला नातसुनेने समजावलं, आणि मी पाच मिनिटांत समजले. म्हटलं, हे तर सोवळं! माझ्या सासूबाई सोवळ्याच्या स्वयंपाकात वेगळी भांडी, वेगळी चूल, वेगळा पंचा ठेवायच्या. ओवळ्याचा हात लागला की सगळं परत. तेव्हा मला त्याचा राग यायचा, कारण त्यात माणसाला दूर ठेवलं जायचं. आता नातीसाठी मी तेच सगळं आनंदाने करते, कारण इथे गव्हाला दूर ठेवायचं आहे आणि पोरीला जवळ घ्यायचं आहे. तिचा डबा, तिची कढई, तिचा झारा निळ्या दोऱ्याने बांधलेला. सत्यनारायणाला तिच्यासाठी प्रसादाचा शिरा वरईचा करते, आणि आधी तिचा करते, मग रव्याचा. देवाने अजून तक्रार केलेली नाही.

नाचणीबाई, सोवळं सकाळी मोडून दुपारी नेसता येत नाही, एवढंच सांगते.

खवय्या_खारकर

काकू, साष्टांग.

सारंगची_आई

काकू, वरईच्या शिऱ्याचं प्रमाण द्याल का? आमच्याकडे गुठळ्या होतात.

गिरगावची_काकू

वरई तुपावर आधी चांगली भाजायची, फुलून हलकी होईपर्यंत. एक वाटीला अडीच वाट्या उकळतं दूध-पाणी. गार ओतलंस तर गुठळ्या होणारच. साखर सगळ्यात शेवटी. आणि गं, हिंगाचं सांगून ठेवते. बाजारातला बांधानी हिंग गव्हाच्या पिठात कालवलेला असतो. आम्ही वर्षभर सगळं पाळलं आणि वरणाला हिंगाची फोडणी देत राहिलो!

डोंबिवली_फास्ट_नाही

काय सांगता! हिंगात गहू?

विदा_आणि_वरण

डबीवरचे घटक वाचा. खडा हिंग फार उग्र असतो म्हणून पीठ आणि डिंक मिसळतात. पीठ बहुधा गव्हाचं. तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो, पण शोधून घ्यावा लागतो. तसाच सोया सॉस, त्यात गहू असतो. आणि माल्ट घातलेली दुधातली पावडर, तिच्यात बार्ली.

लालबागचा_मसाला

थालीपिठाची भाजणी पण यादीत घ्या. बहुतेक घरच्या प्रमाणात मूठभर गहू असतोच. चकलीच्या भाजणीत सहसा नसतो.

वसईची_लेक

विषयांतर होतंय, पण काकूंच्या प्रसादावरून आठवलं. आमच्या वसईच्या चर्चमध्ये माझ्या मावसभावाला सीलिअ‍ॅक निघाल्यावर मोठाच प्रश्न आला, कारण ख्रिस्तप्रसादाची भाकर गव्हाचीच लागते. पूर्ण ग्लूटेनमुक्त चालत नाही, हे व्हॅटिकनने २०१७ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. अगदी थोडं ग्लूटेन ठेवलेली मात्र चालते. त्याच्या डॉक्टरांनी तेवढ्यालाही नको म्हटलं, तर फादरनी सांगितलं, तू फक्त द्राक्षरस घे, तेवढ्यानेही प्रसाद पूर्णच होतो. पण त्याचाही पेला वेगळा लागतो, कारण मोठ्या पेल्यात भाकरीचा तुकडा टाकलेला असतो. फादर स्वतः लक्षात ठेवून तो पेला बाजूला काढतात. त्या दिवशी माझी मावशी रडली होती.

गिरगावची_काकू

तुमच्या फादरना माझा नमस्कार सांग.

नवशिकी_बेकर

नाचणीताई, थोडा स्वार्थी प्रश्न. सात महिने विटा झाल्या म्हणालात. मग पाव फुगायला कधी लागला? माझा मधे बसतोच.

नाचणी_पार्लेकर

@नवशिकी_बेकर, याचं श्रेय माझ्या आईच्या भाकरीला. मी इंग्रजी पुस्तकं वाचून झँथन गमच्या (पीठ चिकट करणाऱ्या पावडरीच्या) मागे लागले होते. आई एकदा शेजारी उभी राहून म्हणाली, "ज्वारी कोरडी कशी धरेल? उकड काढ की." गव्हात ग्लूटेन जाळं विणतं आणि खमिराची हवा धरून ठेवतं. ज्वारीत ते नाही, म्हणून आपण भाकरीला कढत पाणी घालतो. पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, चिकट होतो आणि भाकरी थापता येते. पावालाही तेच लागू पडलं.

माझं आजचं प्रमाण देते, लपवण्यासारखं काही नाही. एकूण ५०० ग्रॅम पीठ: ज्वारी २५०, तांदूळ १००, साबुदाण्याचा स्टार्च १५०. ज्वारीतलं ६० ग्रॅम आधी बाजूला काढून २०० मिली उकळत्या पाण्यात उकड काढायची आणि कोमट होऊ द्यायची. वेगळ्या भांड्यात २० ग्रॅम इसबगोल आणि ३०० मिली पाणी, दहा मिनिटांत त्याची लापशी होते. मग सगळं एकत्र, त्यात ७ ग्रॅम कोरडं यीस्ट, ९ मीठ, १० साखर, २ चमचे तेल, १ चमचा व्हिनेगर. हे मळायचं नाही. केकच्या पिठाहून घट्ट, भजीच्या पिठाहून बरंच घट्ट, चमच्याने साच्यात भरायचं आणि ओल्या हाताने वरून सारखं करायचं.

तुझा मधे बसतो याची दोन कारणं असतील. एक, जास्त फुगू दिलास. जुलैच्या मुंबईत ३५ मिनिटांत तयार होतो, जानेवारीत तासभर लागतो. घड्याळ नको बघू, साच्याच्या काठाखाली बोटभर असतानाच ओव्हनमध्ये घाल. दोन, आत कच्चा राहिला. २०० अंशांवर ५५ ते ६० मिनिटं दे. आतलं तापमान मोजलंस तर ९६ ते ९८ यायला हवं. आणि तीन तास कापू नकोस! गरम कापला की आतून गिच्च लागतो आणि आपल्याला वाटतं बिघडला. दुसऱ्या दिवशी तो कडक होणारच, स्टार्चचा गुण आहे तो. म्हणून मी काप करून फ्रीझ करूनच देते.

नवशिकी_बेकर

ताई!! मी गरम असतानाच कापत होते. प्रत्येक वेळी.

भट्टीवरचा

उकडीचं वाचून मजा आली. अकरा वर्षांत हे कुणी शिकवलं नाही. आम्हाला मळायचं एवढंच माहीत.

जोगेश्वरी_जलद

ज्वारी कुठून दळून आणता? गिरणीत आधी गहू दळलेला असेल तर उकड काढून काय उपयोग?

नाचणी_पार्लेकर

बरोबर धरलंत. गिरणीतून कधीच नाही. घरघंटी आहे, तिच्यात गहू आजवर गेलेला नाही. अख्खी ज्वारी घेते आणि परातीत पसरून निवडते, कारण पोत्यात गव्हाचे दाणे सापडतात. दर हंगामाला नव्या पोत्याचा एक पाव प्रयोगशाळेत तपासायला देते. खर्च लागतो, पण पाकिटावर शब्द छापायचा तर तेवढं करायलाच हवं.

ताळेबंद

मी कालपासून हा धागा तीनदा वाचला. माझा आधीचा सल्ला मागे घेतो. आकडे बरोबर होते, पण मी एक गोष्ट खर्चात धरलीच नव्हती. सारंगच्या आई ज्याचे पैसे देतात ते विकायचं आणि तेच गाळ्यात मोडायचं, असा व्यवहार कागदावरही टिकत नाही. सकाळचा गहू आणला की १३० रुपयांचं कारणच संपतं.

पण ५०० पावांची अडचण तशीच आहे, म्हणून दुसरा विचार मांडतो. गाळ्यात भागीदार हवा हे मान्य, तो गव्हाचाच का हवा? मुंबईत गव्हाला हात न लावता चालणारे धंदे कमी आहेत का? उपवासाचे पदार्थ, मोदक, चकली, इडली-डोशाचं पीठ. त्यांच्याकडे जागा असते आणि ती दिवसातले कितीतरी तास रिकामी असते. पूर्ण गाळ्याऐवजी अशा जागेचे रिकामे तास भाड्याने घ्या. समजा १२ हजार भाडं आणि ५ हजार वीज. १७ हजार भागिले १३०, म्हणजे १३१ पाव. तुम्ही आजच १६० विकता.

भट्टीवरचा

सीएसाहेब, आता बोललात! फक्त ओव्हन नवा घ्या, ताई. जुन्या बेकऱ्यांचं सामान सध्या बरंच विकायला निघालं आहे. २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदलायला सांगितल्या, तेव्हापासून कुणी बदलतंय, कुणी बंद करतंय. स्वस्त दिसेल, मोह होईल. पण त्यातले साचे, रॅक, मिक्सर गव्हात जन्म काढलेले आहेत. घेऊ नका.

सारंगची_आई

चकलीवाले नकोत हं, हिंग घालतात.

लालबागचा_मसाला

आणि दिवाळीत त्याच कढईत शंकरपाळे तळतात. इडलीचं पीठ सगळ्यात बरं. तांदूळ, उडीद, मेथी, मीठ. संपलं.

जोगेश्वरी_जलद

आमच्या इमारतीखाली एक बाई इडली-डोशाचं पीठ करतात. दुपारी तीन ते रात्री दोन काम, सकाळी जागा बंद. व्यवहाराला चोख आहेत. विचारू का?

नाचणी_पार्लेकर

विचारा! आणि नंबर मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, इथे नको.

नाचणी_पार्लेकर

बारा दिवसांनी लिहितेय.

गोरेगावच्या गाळ्याला नाही म्हटलं. त्या गृहस्थांना घरी बोलावून चहा दिला आणि @भट्टीवरचा यांचा पहिला प्रतिसाद वाचून दाखवला. ते म्हणाले, "पंख्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं." जाताना पुतण्याच्या मुंजीसाठी केकची ऑर्डर देऊन गेले.

जोगेश्वरीच्या बाईंना भेटले. जागा लहान आहे, दीडशे फूटही नसेल, पण फरशी ओली आणि हवा स्वच्छ. दळणाचं काम सगळं ओलं, त्यामुळे धूळ नावाला नाही. त्यांच्या उडदाच्या डाळीत मला दोन गव्हाचे दाणे सापडले. मला वाटलं, संपलं आता. त्या काही न बोलता आत गेल्या, सूप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "माझी आई निवडायची, मीच सोडलं होतं. उद्यापासून निवडू." उडदाच्या नव्या पोत्यानंतर आणि त्यांच्या जागेत भाजलेल्या पहिल्या तीन पावांनंतर तपासणी करायची असं ठरलंय. तिन्ही मर्यादेच्या आत आले तरच पुढे. नोंदणी जागेची असते, म्हणून त्या पत्त्यावर नवी काढावी लागेल, त्याचे कागद सुरू केलेत. सकाळी सहा ते दोन माझे तास. भाडं अकरा हजार ठरलं, हे @ताळेबंद यांच्यासाठी.

सामायिक जागेत कुणाच्या डब्यात पोळी येणार, याचाही विचार झाला. आपापला डबा बाहेरच्या बाकावर खायचा आणि हात धुऊन आत यायचं. त्यांच्या मदतनीस मुलीला सगळं समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे शेंगदाण्याने माझ्या भावाला होतं तसं?" आजार वेगळा आहे, पण काळजी तीच. तिला पुन्हा सांगावं लागणार नाही.

ताळेबंद

८५ पावांपासून भाडं सुटतं. वीज मीटरने वेगळी मोजा, पहिल्या महिन्यापासून. पुढे यावरूनच भांडणं होतात.

गिरगावची_काकू

सूप आणणारी बाई भेटली, काम झालं तुझं.

सारंगची_आई

तीन पावांचा निकाल आला की इथे आकडा लिहाल ना? नुसतं 'पास' नको, आकडा.

नाचणी_पार्लेकर

आकडाच लिहीन. पाकिटाबरोबरही देईन.

रोखठोक_रावसाहेब

बहिणीची तपासणी झाली, टीटीजी बराच वाढलेला आहे. पुढच्या आठवड्यात दुर्बीण. डॉक्टर, आभार. ताई, ती होळीला पुरणपोळी खाल्ल्याशिवाय राहायची नाही. काही होतं का त्याचं?

नाचणी_पार्लेकर

रावसाहेब, दुर्बीण होईपर्यंत तिला नेहमीसारखं खाऊ द्या, डॉक्टरांनी वर सांगितलंय ते विसरू नका. पुरणपोळी मला अजून नीट जमलेली नाही. तांदळाच्या उकडीत पुरण भरते, लाटताना फाटते.

गिरगावची_काकू

लाटतेस कशाला? उकडीत चमचाभर साबुदाण्याचं पीठ मिसळ, केळीच्या पानाला तेल लाव आणि हाताने थाप. पानासकट तव्यावर घाल. पान सुटलं की उलट.

नाचणी_पार्लेकर

शनिवारी करते. फोटो टाकते.